डाव्या डोळ्याचा हिरवा

"मान मागे. आणखी मागे. छताकडे बघा, माझ्याकडे नको," असं म्हणत बायकोने शेडमास्तरांच्या उजव्या डोळ्यात औषधाचा थेंब सोडला आणि रोजच्यासारखं बजावलं, "आता दोन मिनिटं मिटून बसा. दोन्ही." गेला महिनाभर ते खरोखरच दोन्ही डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून, शाळेतल्या शहाण्या मुलासारखे बसत आले होते. पण आज स्वयंपाकघरात किटलीने शिट्टी दिली, बायको लगबगीने आत गेली आणि तिची पाठ वळल्याबरोबर मास्तरांनी डावा डोळा उघडला. काही बघायचं होतं असं नाही. नजर ठेवणारं माणूस उठून गेलं की डोळा उघडतो, इतकंच. समोर पॅसेजच्या फळीवर ऑर्किडच्या सात कुंड्या होत्या. पहिल्या कुंडीतलं मोठं पान रोज दिसायचं तसंच दिसलं, पिवळटलेलं हिरवं, उजेड जरा जास्त झाल्यासारखं. मग दोन मिनिटं झाली असं समजून त्यांनी उजवा डोळा उघडला आणि गालावर ओघळलेला थेंब पुसायला रुमाल वर नेला. रुमालाचं टोक डाव्या डोळ्यावर आलं आणि पान काळवंडलं. काळवंडलं म्हणजे हिरवंच राहिलं, पण जुन्या औषधाच्या बाटलीसारखं गडद आणि थंड. मास्तरांनी रुमाल उजव्या डोळ्यावर नेला. पान पिवळट. परत डाव्यावर आणला. पान गडद. पान तेच होतं, फळी तीच होती, पॅसेजच्या छोट्या खिडकीतून येणारा सकाळचा उजेडही तोच होता. हलत होता तो फक्त रुमाल.

"काय चाललंय?" चहाचे दोन कप घेऊन बायको दारात उभी होती. "डोळे कुणाला मिचकावताय?"

"पानाला."

"बरं आहे. या वयात पानच बरं."

मास्तरांनी रुमाल डाव्या डोळ्यावर धरूनच तिच्याकडे पाहिलं. "तुझा हा स्वेटर कुठल्या रंगाचा आहे गं?"

"जांभळा. तुम्हीच तर आणलात."

"मी करडा आणला होता."

"दुकानात तुम्ही करडा म्हणालात, दुकानदार जांभळा म्हणाला. मी गप्प बसले. मला जांभळा हवा होता." तिने कप त्यांच्या हातात दिला. "तो रुमाल खाली ठेवा आधी. उद्या दुसरा डोळा व्हायचाय, त्यात धूळबिळ घालून घेऊ नका."

उद्या नऊ वाजता दुसरा डोळा. मोतीबिंदू दोन्हीकडे होता. उजवा महिन्यापूर्वी काढला, डावा उद्या निघणार होता. पहिल्या डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा दवाखान्याच्या भिंती धुऊन काढल्यासारख्या वाटल्या होत्या. घरी आल्यावर न्हाणीघरातल्या फरशा निळ्या असल्याचा शोध लागला होता आणि त्यांनी तो सगळ्यांना सांगितला होता, जणू फरशा काल बसवल्या. पण ते दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहणं होतं. दोन डोळे आपसांत काय तडजोड करतात ते माणसाला कळत नाही. माणसापर्यंत फक्त निकाल येतो. मास्तरांनी चहाचा घोट घेतला. चहासुद्धा दोन रंगांचा होता. त्यांना हसू आलं आणि हसता हसताच कसलीशी जुनी आठवण टोचून गेली. ती कशाची हे त्यांना लगेच सांगता आलं नसतं.

त्यांना शेडमास्तर म्हणत, कारण कापड रंगवण्याच्या एका डायहाउसमध्ये चौतीस वर्षं त्यांनी शेड जुळवण्याचं काम केलं होतं. गिऱ्हाइकाने पाठवलेला मूळ तुकडा आणि रंगवून निघालेल्या लॉटचा तुकडा शेजारी शेजारी ठेवायचे, दिव्यांच्या पेटीत पाहायचे आणि म्हणायचं, जुळलं. किंवा नाही जुळलं. एवढंच. सांगायला सोपं काम, पण या एका शब्दावर हजार हजार मीटर कापड गाडीत चढे किंवा परत कढईत जाई. निवृत्त झाल्यावर डोळ्यांना काम उरलं नाही, तेव्हा ते ऑर्किडच्या पानांकडे वळले. निवृत्तीच्या दिवशी सुनेने एक कुंडी दिली होती. तिच्यावर एक लांब दांडी आणि दांडीवर आठ फुलं होती. "क्रीम रंग छान आहे," मास्तर म्हणाले होते. "पांढरी आहेत, बाबा," सून म्हणाली होती, आणि विषय तिथेच राहिला होता. फुलं दोन महिन्यांनी गळली. मास्तरांचा खरा जीव जडला तो पानांवर. फुलाला काय, ते एकदा आलं की दिसतंच. पान बोलत नाही, त्याला वाचावं लागतं. एका कुंडीच्या चार झाल्या, चारच्या सात. मास्तरांनी एक वही घातली आणि तीत एकेका पानाच्या तक्रारी लिहून काढल्या. सगळ्यांत खालचं एकच पान सावकाश पिवळं पडत असेल तर ते म्हातारपण आहे, त्याला हात लावू नये. पान सुरकुतलं म्हणजे तहान, असं लगेच धरून चालू नये. मुळं बोटाने दाबून पाहावीत, टणक असतील तर तहान, पिचकून सालटं हातात आलं तर पाणी जास्त झालं आहे आणि मुळं कुजल्यामुळे पान भर पाण्यात तहानलेलं आहे. पाणीदार, मऊ, पसरत जाणारा तपकिरी डाग आला तर निर्जंतुक ब्लेडने कापायचा, तोही डागाच्या पलीकडच्या निरोगी भागातून. पानाला चिकटपणा आला तर मागची बाजू नखाने खरवडायची. खवल्यासारखं काही सुटलं तर तो किडा. आणि सगळ्यांत आधी पानाचा हिरवा पाहायचा. पिवळट असेल तर उजेड जास्त होतो आहे, गडद असेल तर कमी पडतो आहे. चांगला हिरवा तो, ताज्या वाटाण्याच्या शेंगेचा. हे शेवटचं वाक्य त्यांनी लाल शाईने अधोरेखित केलं होतं. इमारतीत त्यांची ख्याती झाली होती. लोक प्लास्टिकच्या पिशवीत एकेक पान घेऊन येत आणि मास्तर दारातच विचारत, "पाणी किती दिवसांनी देता?" वरच्या मजल्यावर राहणारी दातांची डॉक्टर तर आपली अख्खी कुंडीच घेऊन आली होती. मास्तरांनी तिला निदान सांगितलं होतं, उजेड फार होतो आहे, खिडकीतून काढा. ती हो म्हणाली आणि कामाच्या गडबडीत विसरून गेली. त्या वर्षी तिच्या कुंडीला दोन दांड्या आल्या. "तुमच्या औषधाचा गुण, मास्तर," असं ती जिन्यात भेटली की म्हणे, आणि मास्तरही तसंच समजत आले होते.

मास्तरांच्या स्वतःच्या सात कुंड्यांना मात्र तीन वर्षांत एकही दांडी आली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी त्यांना पानं पिवळट दिसू लागली होती. त्यांनी कुंड्या पुढच्या खोलीतल्या पूर्वेच्या खिडकीतून काढून मागे सरकवल्या. तरी पानं पिवळट. मग पडद्याआड. तरी पिवळट. शेवटी पॅसेजमध्ये, जिथे फक्त न्हाणीघराच्या बाजूची दीड फुटाची खिडकी होती. पानं लांबत गेली, रुंद आणि लोळती झाली, फळीच्या कडेवरून कुत्र्याच्या जिभेसारखी खाली लोंबू लागली. वहीतला दुसरा कुठलाही रुग्ण असता तर मास्तरांनी दारातूनच निदान केलं असतं. पण हिरवा तर पिवळट दिसत होता, आणि रंगाच्या पुढे मास्तर दुसऱ्या लक्षणाला विचारत नसत. "बाबा, पानं काळपट झालीत, उजेड कमी पडतोय," असं सून दोनतीनदा म्हणाली होती. पहिल्या वेळी ते नुसते हसले. दुसऱ्या वेळी म्हणाले, "तुला रंग बघायला कुणी शिकवलं गं?"

"तुम्हीच," ती म्हणाली होती.

ते खरंच होतं. घरात सून म्हणून येण्याआधी दोन वर्षं ती डायहाउसमध्ये त्यांच्या हाताखाली होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन आली तेव्हा मास्तरांनी तिची परीक्षा घेतली होती. बारा पांढरे तुकडे टेबलावर टाकून सांगितलं, फिकट ते गडद लाव. तिने दहा मिनिटांत लावले आणि वर म्हणाली, "यातला सातवा पांढरा नाहीये, सर, त्यात किंचित गुलाबी आहे." मास्तर त्या दिवशी घरी येऊन बायकोला म्हणाले होते, "आज एक डोळा पाहिला." पुढे मुलगा एकदा त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला प्रयोगशाळेत आला, मग विसरला नसलेला चष्माही द्यायला येऊ लागला, आणि सात वर्षांपूर्वी लग्न झालं. मुलगा बंदरावर कामाला होता, शनिवारी-रविवारी घरी यायचा. सून आता डायहाउसमध्ये नव्हती. भिंतीच्या रंगांच्या एका मोठ्या दुकानात ती मशीनवर शेड काढून द्यायची, आणि आज बुधवार, तिच्या सुट्टीचा वार होता. सकाळीच ती वाचनालयात पुस्तक बदलायला गेली होती.

रिकाम्या घरात, म्हणजे बायको मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत असताना, मास्तर रुमाल घेऊन फिरू लागले. एखादं मूल नवीन खेळणं घेऊन फिरावं तसं. वर्तमानपत्राचा कागद डाव्याने बिस्किटासारखा, उजव्याने राखाडी-पांढरा. नळाचं तोंड डाव्याने पितळी, उजव्याने चकचकीत पोलादी. आरशातले स्वतःचे केस डाव्याने अजून थोडे तपकिरी होते, उजव्याने पार पांढरे. इथे त्यांनी डावा जरा जास्त वेळ उघडा ठेवला. मजा वाटत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आतलं भिंग वर्षानुवर्षं पिवळं होत जातं, जुन्या लाकडावरच्या रोगणासारखं, आणि ते इतकं सावकाश होतं की मेंदू रोज त्याच्याशी जमवून घेतो. निळा तेवढा अडतो. तेव्हा मास्तरांनी मान डोलावली होती. हे ज्ञान म्हणून त्यांना ठाऊकच होतं. निळा काढून घेतला की काय उरतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण ते कापडाबद्दल ठाऊक होतं. स्वतःच्या डोळ्याला कुणी लॉट समजून तपासत नाही. शिवाय धंद्याचा पहिला नियम त्यांनीच पंधरावीस नव्या पोरापोरींना शिकवला होता, आठवणीतून जुळवायचं नाही. मूळ तुकडा शेजारी हवाच. कुणी कितीही मोठा असो, रंग आठवत नाही, आठवल्यासारखा वाटतो. मग पानांच्या बाबतीत त्यांनी काय केलं होतं? वाटाण्याच्या शेंगेचा हिरवा त्यांनी आठवणीतून आणला होता, चांगल्या डोळ्यांच्या काळातून, आणि पिवळ्या डोळ्याने पाहिलेल्या पानाशी जुळवला होता. एक खरी शेंग आणून पानाशेजारी धरली असती तरी काम झालं असतं. दोन्ही एकाच पिवळ्यातून दिसली असती आणि फरक कळला असता. त्यांना स्वतःची चूक एखाद्या चांगल्या गणितासारखी स्पष्ट दिसली. तिच्यात एक प्रकारचं सौंदर्यही होतं, आणि त्या सौंदर्याचा आनंद घेत ते पॅसेजमध्ये उभे असतानाच सकाळची ती आठवण परत टोचली, आणि आता त्यांना कळलं ती कशाची आहे ते.

गडद निळा. गणवेशांचं कापड, पाच वर्षांपूर्वीचं, निवृत्तीला आठ महिने उरले असतानाचं.

त्या कापडाची नमुना वही घरातच होती. डायहाउसमधल्या जुन्या नमुना वह्या रद्दीत निघाल्या तेव्हा मास्तरांनी आपली शेवटची वही मागून आणली होती आणि कपाटाच्या तळाशी, लोकरीच्या कपड्यांखाली ठेवली होती. आणताना कारण सांगितलं होतं, आठवण म्हणून. त्यांनी ती काढली आणि पॅसेजमध्ये जमिनीवर बसून गुडघ्यांवर उघडली. प्रत्येक पानावर दोन तुकडे डकवलेले, डावीकडे मूळ, उजवीकडे लॉट. खाली दोन सह्यांच्या जागा. मदतनीस आधी पाहायचा आणि 'पाहिलं' यापुढे सही करायचा. मग मास्तर पाहायचे आणि 'जुळलं' यापुढे सही करायचे. दोघांचं एकमत झालं नाही तर तुकडे उत्तरेच्या खिडकीपाशी न्यायचे, खऱ्या उजेडात. हा नियमही मास्तरांचाच. 'वाद झाला की खिडकी' अशी पाटी त्यांनी प्रयोगशाळेत लावली होती. त्यांनी ते पान काढलं. डाव्या डोळ्याने पाहिलं. दोन्ही तुकडे सारखे, काळ्याकडे झुकलेले, एकाच थानातून फाडल्यासारखे. त्यांनी रुमाल डाव्यावर धरला. मूळ तुकडा निळा होता, भर निळा, आणि त्याच्या शेजारचा जवळजवळ काळा. इतका वेगळा, की प्रयोगशाळेत झाडू मारणाऱ्या माणसानेही सांगितलं असतं. 'पाहिलं' यापुढे सुनेची सही होती. सहीच्या वर कागद थोडा खडबडीत झाला होता. तिथे पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेलं होतं, आणि शिसं गेलं तरी टोकाची खाच राहिली होती. नव्या डोळ्याला ती खाच वाचता येत होती. 'निळा कमी.'

तो दिवस त्यांना आठवणीतून आणावा लागला, आणि आठवणीचा भरवसा नसला तरी एवढं पक्कं होतं. ती म्हणाली होती, "सर, निळा कमी आहे." कामावर ती त्यांना सरच म्हणायची. ते म्हणाले होते, "मला सारखे दिसतात." ती म्हणाली होती, "मग खिडकीपाशी नेऊ या?" पलीकडच्या टेबलावर दोघंजण होते. सासऱ्याच्या हाताखाली सून, यावर डायहाउसमध्ये रोज एक नवा विनोद व्हायचा, आणि मास्तर सुनेचं ऐकून कढई थांबवतात, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गेटवरच्या पहारेकऱ्यापर्यंत गेली असती. परक्या मुलीला ते खिडकीपाशी घेऊन गेले असते. गेलेच होते, कितीदा तरी. सुनेला म्हणाले, "वेळ नाही. ते पेन्सिलीचं खोड आणि सही कर." तीन आठवड्यांनी अख्खा लॉट परत आला. साहेबांच्या खोलीत बैठक झाली. साहेबांनी वही पाहून विचारलं, आधी कुणी पाहिलं होतं? सही तिची होती. साहेब म्हणाले, मास्तरांनी तिच्या नजरेवर विश्वास ठेवला असेल, इतक्या वर्षांत त्यांची चूक झाली नाही. आणि मास्तर मूग गिळून बसले. खोटं ते काहीच बोलले नाहीत. त्यांना खरोखरच ते तुकडे सारखे दिसले होते, तेव्हा कापडाला वाफेत किंवा वाटेत काहीतरी झालं असणार, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तिची बदली गोदामात झाली, थानं मोजायला. वर्षभराने तिने ती नोकरी सोडली. घरात कुणी या गोष्टीचा उच्चारही केला नाही. ती त्यांना चहा देत राहिली, निवृत्तीला कुंडी दिली, आजारात उशाशी बसली. आणि मास्तरांनी ती वही लोकरीखाली ठेवली.

आता बसून वहीकडे पाहताना त्यांना आधी हायसं वाटलं. ते खोटं बोलले नव्हते. डाव्या डोळ्यात पुरावा होता. मग त्यांच्या लक्षात आलं की हा पुरावा उद्या नऊ वाजता डॉक्टर काढून टाकणार आहेत. उद्यानंतर हे तुकडे त्यांना कायम वेगळेच दिसतील, आणि ते एकदा सारखे दिसले होते हे सांगायला जगात कुणी उरणार नाही. त्यांना स्वतःलाही ते आठवणीतूनच आणावं लागेल, आणि आठवणीतून आणलेल्या रंगाची किंमत त्यांना ठाऊक होती. आणि मग, हे सगळं झाल्यावर, त्यांच्या लक्षात आलं की पुराव्याने फक्त अर्धंच सुटतं. डोळ्याने काय पाहिलं ते डाव्या डोळ्यावर ढकलता येईल. बैठकीत तोंड का उघडलं नाही, ते कुठल्या डोळ्यावर ढकलायचं?

दारात किल्ली फिरली. सून आत आली, खांद्यावरची पिशवी खुंटीला लावली, आणि पॅसेजमध्ये जमिनीवर बसलेल्या मास्तरांना पाहून थबकली. "बाबा? पडलात की काय?"

"नाही गं, बसलोय." मास्तरांनी वही मिटून बाजूला ठेवली आणि पहिल्या कुंडीकडे बोट केलं. "हे पान कसं दिसतंय?"

तिने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "परीक्षा घेताय का?"

"नाही. विचारतोय."

ती उकिडवी बसली. पानाला हात लावण्याआधी तिने हात पुसले. ही सवय मास्तरांची. पान खालून उचललं, उलटं केलं, बुंध्याशी बोट फिरवलं. "डाग नाही, कीड नाही. मुळं टणक आहेत. पान लांबलंय, लोळतंय. रंग गडद. उजेड नाही याला, बाबा. उपाशी नाहीये, मरणारही नाही, पण फुलायला लागतो तेवढा उजेड नाही. मी हे आधीही..." ती थांबली.

"म्हणाली होतीस. दोनदा."

"तीनदा," ती म्हणाली. "पण तुम्हाला आज काय झालं?"

मग त्यांनी तिला रुमालाचा प्रयोग सांगितला. तिचे डोळे एकदम मोठे झाले. हे तिचं डोळे मोठे करणं मास्तरांनी बारा पांढऱ्या तुकड्यांच्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं. "म्हणजे आत्ता तुमच्या एकाच डोक्यात आधीचं आणि नंतरचं, दोन्ही आहे? थांबा, थांबा. कुठल्या रंगात सगळ्यांत जास्त फरक पडतो? निळ्यात पडत असणार. गडद निळ्यात तर..." आणि ती पुन्हा थांबली. या खेपेला तिची नजर जमिनीवरच्या वहीकडे गेली होती.

मास्तरांनी वही उचलली. "चल," ते म्हणाले. "खिडकीपाशी."

पुढच्या खोलीतल्या खिडकीत दुपारचा मऊ, पसरलेला उजेड होता. मास्तरांनी ते पान उघडून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि रुमाल उजव्या डोळ्यावर धरला. "असे सारखे दिसतात. एकाच थानाचे." रुमाल डाव्यावर. "असे नाही दिसत. निळा कमी आहे. चांगलाच कमी आहे." एवढं बोलायला त्यांना पाच वर्षं लागली होती आणि ते एका दमात होऊन गेलं. सुनेने वाकून दोन्ही तुकडे पाहिले, मग मास्तरांच्या डाव्या डोळ्यात पाहिलं, जवळून, एखाद्या भांड्याचा तळ पाहावा तसं. मग वळून ती टेबलाकडे गेली. तिथे उद्याची फाइल तयार होती, दवाखान्याने दिलेली, पारदर्शक पिवळ्या प्लास्टिकची. तिने आतले कागद काढून नीट एकावर एक रचून ठेवले आणि फाइल उघडून तिचा एकच पदर डोळ्यासमोर धरून वहीकडे पाहिलं.

"अजून वेगळे आहेत," ती म्हणाली. तिने फाइल दुमडली. "दोन पदर. जवळ आले." आणखी एकदा दुमडली. एक डोळा घट्ट मिटून तिने बराच वेळ पाहिलं. मास्तर तिच्या शेजारी श्वास धरून उभे होते, एखाद्या नव्या मदतनिसासारखे. शेवटी ती म्हणाली, "चार पदरांना जुळलं."

"अगदी?"

"अगदी. हा तुमचा डावा डोळा." तिने पिवळी घडी खाली घेतली आणि त्या घडीकडेच पाहिलं. "मला वाटलं होतं तुम्हाला फरक दिसला होता."

"पाच वर्षं असं वाटत होतं?"

"हो. फरक दिसूनही मला खोडायला लावलं असं वाटत होतं. त्याचाच राग होता. गोदामाचा नव्हता एवढा. गोदामात गंमत होती, तिथली बाई गोष्टी छान सांगायची." ती जरा हसली. "आणि आता मशीनवर आहे, तेही बरं आहे. मशीनला मोतीबिंदू होत नाही, आणि त्याला सूनही नसते."

मास्तरांनाही हसू आलं, पण ते त्याच्या मागे लपले नाहीत. "डोळ्याचं तुला दाखवलं," ते म्हणाले. "त्या बैठकीत मला दोन्ही डोळ्यांनी सगळं दिसत होतं. तू खिडकी म्हणाली होतीस, मी नाही म्हणालो होतो, एवढं तरी सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. लोक काय म्हणतील म्हणून."

"माहीत आहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि उगाच समजूत घालणंही नव्हतं. "तेवढं मात्र मला नीट दिसलं होतं."

दोघं कट्ट्याशी टेकले. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकल भिंतीला लावत होतं, ती दोनदा घसरली. मास्तरांना वाटलं होतं की हे बोलून झाल्यावर छातीवरून काहीतरी मोठं उतरेल. तसं झालं नाही. जे झालं ते बारीक होतं, चष्मा पुसून परत घातल्यावर होतं तेवढं, पण ते सगळीकडे झालं. त्यांनी खिशातून पेन काढलं, वही पुढे ओढली आणि त्या खडबडीत जागेवर टोक टेकवलं. उजव्या डोळ्याला तिच्या पेन्सिलीची खाच दिसत होती. ते त्या खाचेतूनच गेले, तिच्या अक्षराच्या वळणाने, सावकाश, शाईने. 'निळा कमी.' मग 'जुळलं' यापुढची आपली सही त्यांनी एका रेघेने खोडली, बाजूला आजची तारीख घातली आणि वही तिच्याकडे सरकवली. तिने ती वाचली. मिटली. पण परत केली नाही, काखेत धरली.

मग दोघांनी मिळून कुंड्या आणल्या, एकेक करून सातही, आणि पूर्वेच्या खिडकीत मांडल्या. मध्ये पातळ पडदा ठेवला, कारण इतक्या वर्षांनी एकदम ऊन दिलं तर पानं भाजतील. हे सुनेने सांगितलं आणि मास्तरांनी ऐकलं. पहिली कुंडी नीट बसल्यावर तिने गंमत म्हणून ती चार पदरांची पिवळी घडी परत डोळ्याला लावली आणि पानाकडे पाहिलं.

"अरे बाप रे," ती म्हणाली. "खरंच की. केवढं पिवळं दिसतंय. असं दिसलं असतं तर मीसुद्धा सावलीत नेलं असतं, बाबा."

मास्तरांनी रुमाल उजव्या डोळ्यावर धरला. तिच्या शेजारी उभं राहून त्यांनी ते पान शेवटचं एकदा डाव्या डोळ्याने पाहिलं. आता त्या पिवळट हिरव्याकडे बघणारी दोन माणसं होती.

"नाही," ते म्हणाले. "तू आधी खिडकीपाशी नेलं असतंस."

"कपडे वाळले की घड्या घालायला या कुणीतरी," गॅलरीतून आत येत बायको म्हणाली, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या त्या दोघांना, एकाच्या डोळ्यावर रुमाल आणि दुसरीच्या डोळ्यावर प्लास्टिक, पाहून जागीच उभी राहिली. "हे काय आता? आणि ती फाइल चुरगळू नका गं, उद्या दवाखान्यात न्यायचीय."